मुलांसाठीच्या आपत्ती मदतीत कम्युनिकेशन्सचं काम: मुंबईची ऑफर घ्यावी की जिल्ह्याची?

ज्यांच्या हातात दोन ऑफर आहेत आणि ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. एक ऑफर मुंबई नाहीतर दिल्लीची, पद कम्युनिकेशन्स ऑफिसर, काम म्हणजे मीडिया, डोनर, सोशल मीडिया, फोटो, स्टोरी. दुसरी जिल्ह्याची, पदाच्या नावात एसबीसी (सोशल अँड बिहेवियर चेंज, म्हणजे लोकांच्या सवयी बदलाव्यात म्हणून केलेला संवाद) किंवा कम्युनिटी एंगेजमेंट असं काहीतरी (जुन्या जाहिरातींत सी फोर डी, म्हणजे कम्युनिकेशन फॉर डेव्हलपमेंट, लिहायचे), काम म्हणजे पूर आला, भूकंप झाला, साथ आली की आईबापांपर्यंत आणि मुलांपर्यंत नेमकी माहिती पोचवायची आणि त्यांचं म्हणणं उलट वर पोचवायचं. जाहिराती वाचल्या तर दोन्हींत तेच शब्द असतात, मुलं, इमर्जन्सी, संवाद, त्यामुळं वाटतं एकच काम आहे फक्त गाव वेगळं. तसं नाहीये. मी 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात पहिलं काम केलं आणि 2021 च्या पुरात दुसरं. दोनच पुरांवरून बोलतोय, तेव्हा तुमच्या बाबतीत वेगळं निघू शकतं हे धरूनच वाचा.

आधी ऑफिसच्या कामाची बाजू, कारण जिल्ह्यातले लोक त्याला उगीच नावं ठेवतात. पैसा तिथूनच येतो. आणि नुसता पैसा नाही, काय पाठवायचं आणि काय नको हे बाहेरच्या लोकांना सांगणं हेही मोठं काम आहे. 2019 ला ऑगस्टमध्ये हायवे बरेच दिवस बंद होता, सुरू झाल्यावर ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले, ते कुणी घालेना, शाळांच्या व्हरांड्यात ढीग पडून ओले झाले, आणि त्याच वेळी लहान मुलांचे आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड कमी पडत होते. ही गोष्ट शहरातल्या लोकांना चार दिवस आधी नीट सांगितली असती तर फरक पडला असता, आणि ती सांगायला मुंबईत बसलेलाच माणूस लागतो.

दुसरं उदाहरण मे 2021 चं. कोविडची दुसरी लाट, आणि व्हॉट्सॲपवर मेसेज फिरायला लागले की अमुक ठिकाणी आईवडील गेलेली बाळं आहेत, दत्तक घ्यायची असतील तर या नंबरवर फोन करा. चांगल्या मनाची माणसं ते पुढं ढकलत होती. अनाथ मुलांची दत्तक प्रक्रिया कारा या सरकारी दत्तक प्राधिकरणामार्फत होते, असं परस्पर मूल देणंघेणं गुन्हा आहे आणि मुलांच्या तस्करीला सरळ दार उघडून देणं आहे. तेव्हा आम्ही ऑफिसमधून एक ग्राफिक केलं, मोठ्या अक्षरात 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर, खाली बालकल्याण समितीकडं जा एवढंच, ते चॅनेलवाल्यांनी उचललं आणि एका संध्याकाळीत इतक्या लोकांपर्यंत गेलं की गावोगाव फिरून मला वर्षभर जमलं नसतं. या एका बाबतीत ऑफिसचं काम नक्की सरस आहे, मी ते नाकारत नाही.

फोटोबद्दल जी भीती असते, की रडणारं मूलच मागतात, ती माझ्या अनुभवात तेवढी खरी निघाली नाही. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांची 1994 ची आचारसंहिता आहे, तिचा दहावा मुद्दा हाच आहे की आपत्तीतल्या माणसाला मान असलेला माणूस म्हणून दाखवा, हतबल वस्तू म्हणून नाही, आणि बऱ्यापैकी मोठ्या जागी हे पाळतात. बालन्याय कायद्याचं कलम 74 मात्र पाठ करून जा. संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाचं नाव, शाळा, पत्ता, फोटो छापला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुरात आईवडिलांपासून चुकलेलं मूल दिसलं की आधी फोटो टाकायचा मोह होतो, कुणीतरी ओळखेल म्हणून, आणि तिथंच गडबड होते.

आता मला जे खटकलं ते. 2019 ला शिरोळ तालुक्यात एका मंगल कार्यालयात पूरग्रस्तांची सोय केली होती, त्याच्या एका कोपऱ्यात सतरंज्या टाकून मुलांसाठी बालस्नेही जागा केलेली. तीन ते बारा वर्षांची मुलं, एक अंगणवाडीताई, कॉलेजच्या दोन मुली, वेळ सकाळी दहा ते बारा. बास, दिवसातले तेवढेच दोन तास. ज्यांनी अशी जागा बघितलीय त्यांना माहितीय की तो टाइमपास नसतो. त्या मुलांनी एक खेळ काढला होता, एकजण ओरडायचा "पाणी आलंऽऽ" की बाकीचे सगळे खुर्च्यांवर, बाकड्यावर चढायचे, मग कुणीतरी होडी घेऊन यायचं आणि एकेकाला उतरवायचं. दहादा, वीसदा तेच. मोठ्यांना बघवत नव्हतं पण ताई म्हणाली खेळू दे, त्यांच्या डोक्यातलं असंच निघतंय, आणि कोण खेळत नाही, कोण कोपऱ्यात बसून राहतंय ते ती त्याच वेळी टिपून ठेवायची.

आणि मी तिथं पाहुणे घेऊन यायचो. म्हणजे तेच माझं काम होतं. कधी पत्रकार, कधी देणगीदार कंपनीची माणसं, कधी आमच्याच वरच्या ऑफिसमधले. पाहुणे आले की ताई खेळ थांबवायची, सगळी ओळीत बसायची, एक ठरलेलं गाणं म्हणायची, टाळ्या, बिस्किटाचे पुडे, दोनचार प्रश्न, फोटो. पाऊण तास. ते जाईपर्यंत बारा वाजायला आलेले असायचे आणि मुलं जेवणाच्या रांगेत. कुणी वाईट वागलं नाही, पाहुणे मनापासून आलेले असायचे, त्यातल्या काहींचे डोळे भरून यायचे आणि त्यांच्याच पैशातून पुढं बरंच सामान आलं. माझ्या वहीत नोंद आहे, नऊ दिवसांत पाच भेटी. सहाव्यांदा मी एकटाच गेलो होतो, सोबत कुणीच नव्हतं, नुसती खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. मुलांचा "पाणी आलं" चालू होता, मला दारात बघितल्यावर एकानं दुसऱ्याला ढोसलं आणि कुणी काही न सांगता सगळी खाली उतरून ओळीत बसली आणि गाणं सुरू केलं.

माझ्यापुरता निर्णय तिथं झाला. नोकरी सोडायला पावणेदोन वर्षं गेली, मधे कोविड आला, घरचा हप्ता होता, पण ठरलं त्या दिवशी.

त्यानंतर मी भेटींची वेळ बाराच्या पुढं ढकलायचा प्रयत्न केला, जमेल तेव्हा जमलं. पण अडचण अशी की पाहुण्याला त्याच दिवशी परत पुण्याला जायचं असतं, फोटोग्राफरला सकाळचा उजेड हवा असतो, आणि मुलं एकत्र सापडतात ती दहा ते बारातच. हे कुणा एकाच्या चुकीनं होत नाही, त्या कामाची घडणच तशी आहे, निदान मी होतो तिथं होती. आता काही ठिकाणी आठवड्यातून एकच भेट आणि एकाच फोटोग्राफरचे फोटो सगळ्यांना असं करतात म्हणे, तसं असेल तर हा माझा मुद्दा बराच हलका होतो.

जिल्ह्याच्या कामातला त्रास वेगळा आहे, आणि तोही सांगायला हवा. तिथं चुकलं तर थेट बाळाला लागतं. 2021 च्या जुलैत छावणीत मुलांना जुलाब सुरू झाले, आरोग्य खात्यानं ओआरएसच्या पुड्या दिल्या, सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. ओआरएसची ती पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. छावणीत लिटर मोजायला भांडं कुणाकडं असणार, पण मदतीत आलेल्या पाण्याच्या बाटल्या सगळ्यांकडं होत्या, म्हणून मी मेसेज बनवला "एक पुडी, एक बाटली". मला वाटलं फार छान सुचलं. दोन दिवसांनी पुढचा ट्रक आला त्यात अर्ध्या लिटरच्या बाटल्या. आशाताईंनी बघितलं की एक आई अर्ध्या लिटरात पुडी मिसळतेय, आणि दाट ओआरएस तान्ह्या बाळाला धोक्याचं असतं, शरीरात मीठ वाढतं. सुदैवानं बाळाला पाजायच्या आधीच लक्षात आलं. त्या रात्री आम्ही मेसेज बदलला, "मोठी बाटली एक, किंवा छोट्या दोन", भिंतीवर खऱ्याखुऱ्या बाटल्या दोरीनं टांगल्या, आणि स्पीकरवरून दर दोन तासांनी सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. ऑफिसच्या कामात माझी चूक झाली तर स्पेलिंग चुकायचं, फार तर पोस्ट डिलीट करायला लागायची.

पण याच कामात जे मिळतं ते दुसरीकडं मिळत नाही असं मला वाटतं. त्याच छावणीत बाळाच्या दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या वाटायला कुणीतरी घेऊन आलं. 1992 चा कायदा आहे, या गोष्टी अशा सरसकट वाटायला बंदी आहे, आणि कारण साधं आहे, पुरात स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायची सोय नाही, म्हणजे पावडरीतून जुलाबच जायचे बाळाच्या पोटात. ते डबे थांबवले, पण तीन-चार बाया म्हणत होत्या की धक्क्यानं दूध आटलंय, आता काय पाजू. माझ्याकडं छापील पत्रक तयार होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, पाजत राहा, दूध येतं. ते वाटलं. काही फरक नाही. मग आशाताई त्यांच्याजवळ निवांत बसली, मी लांब थांबलो, तासाभरानं ती येऊन म्हणाली, "दूध आटलं न्हाई सर, आडोसा न्हाई. समोर पन्नास बापय बसल्यात, कशी पाजणार?" दोन साड्या बांधून एक कोपरा केला. दोन दिवसांत त्यातल्या तिघी परत व्यवस्थित पाजायला लागल्या. पत्रक मी तसंच बॅगेत घेऊन घरी आलो. हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे, आकडेवारी म्हणून धरू नका, पण लोकांचं ऐकून वर पोचवणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

भाषेचा मुद्दा आपल्यासारख्यांसाठी मोठा आहे. ऑफिसात तुमची मराठी इंग्रजीत करावी लागते, आजी जे बोलली त्याचं तीन जण मिळून वाक्य बनवतात आणि शेवटी ती आजी कुठलीही आजी होते. जिल्ह्यात उलटं, मुंबईहून आलेलं "जलजन्य आजारांपासून बचावासाठी शुद्ध पाण्याचे सेवन करावे" तुम्हाला "पाणी उकळा, गार करा, झाकून ठेवा, मगच पोराला द्या" असं करायचं असतं. कोल्हापूरकडच्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाठ असते, 39 फूट इशारा, 43 धोका, तेव्हा तिथं "सतर्क राहा" लिहून कुणी हलत नाही, "39 झालं की पोरांचे दाखले, लसीकरणाचं कार्ड आणि औषधं एका पिशवीत भरा" म्हटलं की हलतात. ज्याला मराठीवर प्रेम आहे त्याला हे काम आवडेल, असं माझं मत.

पगार मुंबईचा जास्त, करार लांब, नाव होतं, पुढं परदेशी पोस्टिंग मिळायची शक्यता तिकडूनच जास्त. जिल्ह्याचा करार बहुतेक वेळा प्रोजेक्टपुरता, दाखवायला फोटो नाहीत, रिपोर्टमध्ये तुमचं काम दोन ओळीत संपतं, आणि पावसाळ्यात घरचे तुमची वाट बघत बसतात. घरात लहान बाळ असेल, आईवडील आजारी असतील, किंवा लिहिणं आणि कॅमेरा हीच तुमची खरी ताकद असेल तर मुंबई घ्या, मनात काही न ठेवता घ्या. फक्त मुलाखतीत एक विचारा, भेटी आल्या की मुलांच्या खेळाच्या वेळात नेता की नंतर. उत्तर द्यायला त्यांना किती वेळ लागतो ते बघा.

आणि जिल्ह्याची घेणार असाल तर जॉइनिंगची तारीख जुलैची देऊ पाहतील, ती मेची मागून घ्या, पगार थोडा कमी आला तरी चालेल. मेमध्ये पुराची धावपळ नसते, आशाताई आणि अंगणवाडीताईंना तुमच्याशी बोलायला वेळ असतो, शाळेच्या गुरुजींकडून स्पीकर कुणाचा, चावी कुणाकडं, कुठल्या वस्तीत रेंज नाही हे सगळं शांतपणे लिहून घेता येतं, आणि बाटली अर्ध्या लिटरची येते की एक लिटरची हेही तेव्हाच विचारून ठेवता येतं.