स्टॉकहोमचे दोन नाताळबाजार : चौकातला आणि टेकडीवरचा

डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला जाणाऱ्या पर्यटकांच्या कार्यक्रमात नाताळबाजार असतोच, आणि बहुतेकांचा तो गामला स्टान या जुन्या शहरातल्या स्टूरटॉर्येट चौकातच आटोपतो. चौक देखणा आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु हाताशी एकच दिवस असेल, तर त्यातला मोठा वाटा युरगोर्डेन बेटावरच्या स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयातील बाजाराला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. तिथे तिकीट काढावे लागते, चढ चढावा लागतो आणि थंडीत बराच वेळ उघड्यावर काढावा लागतो. तरीही वस्तू, ती घडवणारे हात आणि ती ज्या घरात वापरली जात असे ते घर, या तिन्ही गोष्टी एकाच आवारात पाहायला मिळतात, आणि हे भाग्य इतर नाताळबाजारांत क्वचितच लाभते.

दिवसाची आखणी उजेड पाहून करावी लागते. डिसेंबरच्या मध्यावर इथे सूर्य पावणेनऊच्या आसपास उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. त्यामुळे जेवण उरकून निवांत बाहेर पडणाऱ्याला सारे काही दिव्यांच्या उजेडातच पाहावे लागते. त्या उजेडाची शोभा निराळी आहे; घरोघरी खिडक्यांत कागदी तारे आणि सात दिव्यांची त्रिकोणी समई-मांडणी लावलेली असते. मात्र विणकामाचे रंग आणि लाकडाचा पोत पारखायचा असेल, तर दिवसाच पोहोचलेले बरे.

स्टूरटॉर्येटचा बाजार नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून नाताळाच्या तोंडापर्यंत भरतो आणि त्यासाठी प्रवेशशुल्क नाही. चौकाच्या एका बाजूला अठराव्या शतकातली जुन्या शेअर बाजाराची इमारत आहे, जिच्यात आता नोबेल पारितोषिकांचे संग्रहालय आहे. समोर तांबड्या-पिवळ्या दर्शनी भिंतींची उंच, अरुंद घरे आहेत. आणि मधोमध लाल रंगाच्या लाकडी टपऱ्या दाटीने उभ्या केलेल्या असतात. 1520 च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिस्तियान याने याच चौकात ऐंशीहून अधिक सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांचा शिरच्छेद करविला होता, हे ठाऊक असलेल्याला इथल्या दगडी फरसबंदीवरून चालताना क्षणभर थांबावेसे वाटते. आज तिथे भाजलेल्या बदामांचा आणि दालचिनीचा वास दरवळत असतो. चौक मुळात लहान असल्यामुळे शनिवारी-रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा उरत नाही. कामाच्या दिवशी सकाळी गेल्यास विक्रेत्यांशी चार शब्द बोलता येतात, आणि या बाजाराचा खरा आनंद तेव्हाच मिळतो.

इथे दोन पदार्थ अवश्य घ्यावेत. पहिला ग्लॉग, म्हणजे दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि संत्र्याची साल घालून गरम केलेली लाल वाइन. पेल्याच्या तळाशी सोललेले बदाम आणि बेदाणे असतात. पेय संपत आले की ते लहान चमच्याने खातात, आणि तोवर मसाला मुरलेला असल्यामुळे शेवटचे दोन घासच सर्वांत चवदार लागतात. ग्लॉग मद्ययुक्त आणि मद्यविरहित अशा दोन्ही प्रकारचा असतो, म्हणून मागणी करतानाच विचारून घ्यावे. दुसरा पदार्थ म्हणजे लुस्सेकात, इंग्रजी एस अक्षराच्या वळणाचा, केशर घातलेला पाव, ज्याच्या दोन्ही वेटोळ्यांत एकेक बेदाणा खोचलेला असतो. श्रीखंडातले केशर ओळखणाऱ्या जिभेला हा पाव पहिल्या घासालाच आपलासा वाटेल. मात्र शिळा झाला की तो लवकर कोरडा पडतो, तेव्हा त्याच दिवशीचा आहे याची खात्री करूनच घ्यावा.

जुन्या शहराच्या टोकाशी असलेल्या स्लुसेनहून युरगोर्डेनला फेरीबोट जाते, आणि तीवर शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे नेहमीचेच तिकीट चालते. प्रवास थोडक्यात आटोपतो, पण पाण्यावरचा वारा बोचरा असतो. शक्य असल्यास याच मार्गाने जावे, कारण पाण्यावरून दिसणारे हे शहर रस्त्यावरून दिसत नाही.

स्कान्सेनची स्थापना आर्तुर हाझेलियस यांनी 1891 मध्ये केली. कारखानदारीच्या रेट्यात खेड्यांतली जुनी जीवनपद्धती नाहीशी होत चालल्याचे पाहून त्यांनी स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतली घरे, गोठे आणि कोठारे सुटी करून इथे आणली व पुन्हा उभी केली. उघड्यावरची अशी संग्रहालये पुढे जगभर निघाली, ती याच नमुन्यावरून. इथला नाताळबाजार 1903 पासूनचा आहे आणि तो आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांतल्या, शनिवार-रविवारीच भरतो. इतर दिवशी संग्रहालय उघडे असले तरी बाजार नसतो, हे ध्यानात ठेवून तारखा ठरवाव्यात.

बाजाराचा मुख्य भाग बोलनेसटॉर्येट या चौकात मांडलेला असतो, परंतु तिथेच रेंगाळून परत फिरू नये. आजूबाजूच्या शेतकरीवाड्यांत त्या त्या प्रदेशाच्या आणि काळाच्या रीतीप्रमाणे नाताळाचे जेवण मांडून ठेवलेले असते, आणि जुन्या पोशाखातली माणसे त्याची माहिती देतात. गरिबाघरच्या मेजावर काय असे आणि सधन शेतकऱ्याच्या मेजावर काय, हा फरक दोन घरे पाहताच कळतो. बुटक्या दारातून वाकून आत शिरावे, चुलीतल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जावा, आणि अंधूक उजेडात मेजावरच्या पावाच्या चळतीकडे नजर वळावी, हा अनुभव मला कोणत्याही खरेदीपेक्षा मोलाचा वाटला. पुढे काचकामाची भट्टी आहे. नळीच्या टोकावरचा तापलेला गोळा कारागीर सतत फिरवत राहतो, मधूनच फुंकतो, आणि बघता बघता त्याला आकार येतो. हे पाहिल्यानंतर दुकानातल्या काचेच्या गोळ्याची किंमत जास्त वाटत नाही.

खरेदीसाठी माझी पहिली पसंती ज्युनिपर या सदाहरित झुडपाच्या लाकडाच्या, लोणी लावायच्या सुरीला आहे. अख्ख्या तुकड्यातून कोरलेली ही सुरी मुठीकडे जाड आणि पात्याकडे पातळ असते, तिच्यावर वळणावळणाच्या रेषा उमटलेल्या असतात, आणि नाकाजवळ नेली की मिरीसारखा तिखटसर गंध येतो, जो पुढे बराच काळ टिकतो. लाल फितीने बांधलेला गवताच्या काड्यांचा बोकड ही स्वीडनच्या नाताळाची खास खूण आहे. निवडताना शिंगांच्या टोकांशी काड्या घट्ट आवळलेल्या आहेत का, ते पाहावे, कारण सैल बांधणीचा बोकड बॅगेतच उसवतो. युरोपातल्या नाताळबाजारांत यंत्रावर बनलेला आयात माल बराच शिरला आहे. म्हणून वस्तू कोणी आणि कुठे बनवली, हे विक्रेत्याला निःसंकोच विचारावे. ज्याने ती स्वतः घडवली आहे, तो उत्तर देताना थांबत नाही.

पैशांच्या बाबतीत एक सूचना. स्वीडनमध्ये रोख व्यवहार जवळपास संपुष्टात आले आहेत. स्थानिक लोक स्विश या मोबाइल सेवेने पैसे देतात, परंतु तिला स्वीडनमधले बँक खाते लागते. त्यामुळे परदेशांत चालणारे कार्ड जवळ असणे अत्यावश्यक आहे. दर चढे आहेत, हेही मान्य केले पाहिजे. चौघांच्या कुटुंबाने दोन्ही बाजारांत खायचे ठरवले तर खर्च चांगलाच वाढतो, तेव्हा एके ठिकाणी पोटभर खावे आणि दुसरीकडे केवळ चव घ्यावी.

शाकाहारी मंडळींनी थोडे जपून राहावे. सॉसेज, रेनडिअरचे आणि एल्क या मोठ्या हरणाचे मांस, धुरावलेले मासे यांचाच भर असतो. जुन्या शहरातल्या एका उपाहारगृहात भाज्यांचे म्हणून समोर आलेले सूप मांसाच्या रश्शात शिजवलेले निघाले, तेव्हापासून केवळ पदार्थाच्या नावावर मी विसंबत नाही. रस्सा कशाचा आहे, हे विचारतो. पेपरकाकोर नावाच्या पातळ, कुरकुरीत आल्याच्या बिस्किटांवर, वॅफल्सवर, चीजवर आणि दालचिनी भुरभुरलेल्या, दुधात शिजवलेल्या भातावर दिवस व्यवस्थित निघतो. अंडेही न खाणाऱ्यांनी मात्र पाव आणि वॅफल घेण्यापूर्वी चौकशी करावी.

13 डिसेंबरला संत लुसियाचा सण असतो. डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, पांढरा झगा आणि कमरेला लाल पट्टा अशा वेषातली मुलगी आणि तिच्यामागून गात येणारा मुलामुलींचा जथा, हे दृश्य स्कान्सेनमध्ये पाहायचे असेल तर तिकिटांची सोय आधीच करून ठेवावी आणि जागेसाठी लवकर पोहोचावे.

स्कान्सेनचा एक तोटा गंभीर आहे. आवार टेकडीवर पसरलेले असून, बर्फ पडून वितळले आणि पुन्हा गोठले की उतारावर पाय घसरतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी चांगल्या पकडीचे बूट घातल्याशिवाय वर जाऊ नये, आणि अंधार पडायच्या आत उतरावे. परतताना फेरीबोटीऐवजी 7 क्रमांकाची ट्राम सोयीची पडते; तिचा थांबा मुख्य प्रवेशद्वारासमोरच आहे आणि ती थेट शहराच्या मध्यभागी नेऊन सोडते.