मुहूर्त पंचांगाचा, हंगाम भाताचा : फोंड्यातील एका लग्न-छायाचित्रण सेवेचा अनुभव

गोव्यात भातशेतीच्या पार्श्वभूमीवर लग्नाची छायाचित्रे काढून घ्यायची म्हटली की पहिली अडचण येते ती पंचांगाची. सरदाचे, म्हणजे पावसाळी हंगामाचे, भात जूनमध्ये पेरले जाते, जुलैत लावणी आटोपते आणि शेते खऱ्या अर्थाने नजरेत भरतात ती श्रावण-भाद्रपदात; नेमका तोच चातुर्मास, ज्यात आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त नसतात. तुळशीचे लग्न लागून मुहूर्त सुरू होतात, तोवर कापणी उरकलेली असते आणि शेतात नुसती धसकटे उरतात. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न माघात ठरले तेव्हा ज्या ज्या स्टुडिओंकडे चौकशी केली, त्यांतील बहुतेकांनी कॅमेऱ्यांची मॉडेले, ड्रोन आणि आल्बमची पाने यांची यादी पाठवून दिली. फोंड्यातील एका लहान स्टुडिओने मात्र आधी लग्नाची तिथी विचारली आणि मग त्या सुमारास कोणत्या भागात कोणते पीक उभे असेल, हे सांगितले. काम त्यांनाच दिले. त्यांच्या कामातील खटकलेल्या गोष्टीही पुढे येणार असल्यामुळे त्यांचे नाव येथे घेत नाही.

बहिणीच्या फोनमध्ये बालीतील तेगालालांगच्या भातशेतीची छायाचित्रे साठवलेली होती आणि तसेच काहीतरी तिला हवे होते. स्टुडिओच्या थोरल्या भागीदाराने तिला नाही म्हटले नाही, परंतु फरक कोठे आहे हे नीट समजावून दिले. बालीत 'सुबाक' ही शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याची जुनी व्यवस्था आहे. तिच्याशी निगडित पाणमंदिरे आणि पायऱ्यांची शेते यांचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कालव्यांचे पाणी असल्यामुळे तेथे वर्षात एकाहून अधिक पिके निघतात आणि कोठे ना कोठे हिरवे शेत सापडतेच. आपल्याकडील डोंगरउतारावरची मरड शेती मात्र निव्वळ पावसावर चालते. पाऊस गेला की पायऱ्या कोरड्या पडतात. हिवाळ्यात भात दिसते ते वायंगणाचे, आणि ते जेथे ओहोळाला बंधारा घातलेला असतो किंवा कालव्याचे वा झऱ्याचे पाणी पोहोचते, अशा सखल जागीच. म्हणजे पायऱ्या हव्या असतील तर पावसाळा आणि लग्नाच्या दिवसातील छायाचित्रे हवी असतील तर वायंगणाची सपाट शेते, असा हा सरळ हिशेब होता.

त्यावर त्यांनी काम दोन टप्प्यांत विभागण्याचे सुचवले. लग्नापूर्वीची छायाचित्रे भाद्रपदात, सत्तरी तालुक्यातील एका गावातील मरडीवर; आणि लग्नानंतरच्या सकाळची वायंगणाच्या शेतात. चातुर्मासात हे कशाला, असा प्रश्न आमच्या आजीने उपस्थित केला. छायाचित्र म्हणजे संस्कार नव्हे आणि घरच्या कपड्यांत दोघांनी शेतात उभे राहायला पंचांगाची आडकाठी नाही, अशी समजूत भटजींनीच काढली. नेत्रावळीचा पर्यायही पुढे आला होता. पण तेथील बराच भाग अभयारण्यात मोडतो आणि त्या हद्दीत अशा कामासाठी वनखात्याची परवानगी लागते, म्हणून तो सोडून दिला.

या सेवेचे मला सर्वांत मोलाचे वाटलेले अंग म्हणजे शेतकऱ्याशी वागण्याची त्यांची रीत. गोव्यात शेत एकाचे, कूळ दुसरे आणि काही ठिकाणी जमीन कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीच्या जुन्या संस्थेची, अशी गुंतागुंत असते. रस्त्यावरून शेत सुंदर दिसले म्हणून गाडी थांबवून मेरेवर (शेताच्या बांधावर) उतरणारे छायाचित्रकार आपण सगळेच पाहतो. या मंडळींनी प्रत्यक्ष कसणाऱ्या काकांना आधी जाऊन विचारले, मोबदला ठरवला आणि दिवसही त्यांच्याच सोयीने निश्चित केला. काकांनी आपणहून सांगितले की भात फुलोऱ्यावर असेल त्या दिवसांत कोणालाही आत सोडणार नाही, कारण सकाळी नऊ-दहानंतर फुले उघडतात आणि त्या वेळी धक्के बसले तर दाणा भरत नाही. त्यामुळे पीक पोटरीला येण्याआधीचा, म्हणजे पानांच्या आत कणीस फुगू लागण्याआधीचा, आठवडा धरला गेला. गावाचे नाव समाजमाध्यमांवर टाकायचे नाही, ही काकांची दुसरी अट. पर्रे येथील माडांच्या रस्त्यावर छायाचित्रांसाठी इतकी गर्दी लोटली की पंचायतीने शुल्क लावून पाहिले आणि त्यावरून वादही झाला; हे ठाऊक असलेल्या माणसाची ही अट अवाजवी म्हणता येणार नाही.

प्रत्यक्ष दिवशी गाडीतून उतरताच कॅमेरे बाहेर काढले गेले नाहीत. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत आणलेल्या भिंगावर लगेच वाफ धरते, म्हणून कॅमेऱ्यांच्या पिशव्या आधीच मागच्या गाडीत, काचा उघड्या ठेवून आणल्या होत्या. मेर जेमतेम पाऊलभर रुंद, त्यात खेकड्यांनी पोखरलेली. काका पुढे झाले, काठीने भोके दाखवत म्हणाले, "मेरेर एका फाटोफाट एक चलात, धांवूं नाकात" (मेरेवर एकामागून एक चला, धावू नका). सहायकाने मऊ जागी गोणपाट अंथरले आणि वधूवरांनी चपला हातात घेतल्या. भाताच्या पात्याची कड किती खरखरीत असते हे शेतात न उतरलेल्यांना ठाऊक नसते. रेशमी पदर एकदा घासला की धागा निघालाच समजा. स्टुडिओने त्यासाठी आधीच सुती नेसण्याचा आग्रह धरला होता, आणि बहिणीने नेसलेले तांबड्या चौकडीचे कुणबी लुगडे त्या हिरव्या पायऱ्यांवर इतके उठून दिसले की पुढचे सगळे शालू मला फिके वाटू लागले. केसांत अबोलीची फाती होती. वराने मात्र कोणाचेही न ऐकता मोतिया रंगाचा कुडता आणला. भोवतालच्या पानांची हिरवी झाक अशा कपड्यावर आणि हनुवटीखाली लगेच उतरते. ती मारण्यासाठी पांढरा परावर्तक धरून सहायक जवळजवळ गुडघाभर चिखलात उभा राहिला.

वायंगणाच्या टप्प्यात त्यांचे प्रकाशाचे गणित पाहायला मिळाले. माघात गोव्यात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, पण सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या खोऱ्यात पूर्वेकडे डोंगर उभा असल्यामुळे ऊन शेतावर बऱ्याच उशिरा पोहोचते. त्या मधल्या वेळेत धुके असते आणि प्रकाश सावलीविना सर्वत्र सारखा पसरतो. चेहऱ्यांची छायाचित्रे त्यांनी तेव्हाच उरकली. ऊन आल्यावर पानांवरच्या दवाची चमक आवरण्यासाठी ध्रुवण फिल्टर लावला आणि दूरची, खोऱ्याची छायाचित्रे घेतली. लावणी थोडी उशिरा झालेल्या एका खाचरात रोपांमध्ये अजून पाणी दिसत होते. त्यात आभाळासह दोघांचे प्रतिबिंब आलेले छायाचित्र आज घरच्या दिवाणखान्यात लावले आहे, आणि सगळ्या संग्रहात मला तेच उत्तम वाटते.

आता तक्रारी. ड्रोनचे चित्रण अंदाजपत्रकात धरले होते, पण प्रत्यक्ष जागेवर आल्यावर परवानगीचे काम पुरे झालेले नाही असे कळले. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नकाशावरील हिरव्या, म्हणजे उड्डाणास मोकळ्या, विभागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास वेगळी परवानगी लागत नाही, परंतु यंत्राची नोंदणी हवीच. शिवाय दाबोळीचा नौदल तळ आणि मोपा विमानतळ यांमुळे गोव्याच्या नकाशावर कोणती जागा कोणत्या विभागात येते, हे आधी पाहून ठेवावे लागते. हे काम ग्राहकाने करायचे नसते. ड्रोनचे पैसे त्यांनी वळते करून दिले, तेही मागितल्यावर. दुसरी तक्रार रंगांची. पहिल्या फेरीत आलेल्या छायाचित्रांत भाताचा हिरवा रंग इतका चढवला होता की शेतावर प्लास्टिकचे आच्छादन घातल्यासारखे भासत होते. मूळ छायाचित्रे शेजारी ठेवून दाखवल्यावर त्यांनी सर्व संच पुन्हा केला, विनातक्रार. मात्र त्यात बराच वेळ गेला. आणि अंदाजपत्रकात १८ टक्के जीएसटी व शेतकऱ्याचा मोबदला हे दोन्ही खर्च बारीक अक्षरांतही नव्हते. दोन्ही टप्पे, आल्बम आणि हे वरचे खर्च धरून आकडा सव्वा लाखाच्या पुढे गेला. काम पाहता ही रक्कम मला जास्त वाटत नाही, परंतु ती पहिल्याच कागदावर दिसायला हवी होती.

करारातील एका कलमाकडे विशेष लक्ष द्यावे. छायाचित्रे स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरण्याचा अधिकार स्टुडिओने राखून ठेवला होता. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन, कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काम सांगणाराच असतो, पण दोघांत वेगळा करार झाला नसेल तरच. सही करण्यापूर्वी आम्ही ते कलम बदलून घेतले: निवडक छायाचित्रे, आमची संमती घेऊन आणि गावाचा उल्लेख न करता. धाकट्या भागीदाराला ते फारसे रुचले नाही. थोरल्याने तिथल्या तिथे दुरुस्ती करून सही केली.

आल्बम सुबक आहे. कागद चकचकीत नसून मॅट आहे, बांधणी सपाट उघडते. गोव्याच्या पावसाळ्यात आल्बमला बुरशी धरते, हे स्टुडिओला ठाऊक असूनही पानांवर लॅमिनेशन हवे की नको, हे त्यांनी विचारले नाही. आम्हीच सांगून करवून घेतले आणि त्याचे वेगळे पैसे भरले. माघ-फाल्गुनातील लग्नासाठी त्यांच्याकडे जायचे असेल, तर आदल्या पावसाळ्याच्या आरंभीच बोलणी करावीत. मरडीवरच्या पायऱ्यांचा हंगाम त्यांच्याकडे आधी भरतो आणि दसऱ्यानंतर आलेल्यांना केवळ वायंगणच मिळते.