पिकअपवरचा कॅम्पर : पक्क्या भिंतींचा की उचलत्या छताचा?

अमेरिकेतील ‘हाफ-टन’ (पूर्ण आकाराच्या पिकअपमधील सर्वांत हलक्या वर्गातील) पिकअपची भारक्षमता चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेली असते, आणि त्या आकड्यात कॅम्पर (पिकअपच्या मागच्या हौद्यावर बसवायची राहण्याची खोली) व त्याबरोबरच प्रवासी व सामानही धरावे लागते. समजा, तो आकडा 700 किलो आहे. पक्क्या भिंतींचा कॅम्पर थंडीत निःसंशय उबदार. पण अनेकदा तो रिकामाच 900 किलोंच्या पुढे जातो, म्हणून या गाडीसाठी तो बादच समजावा. छत वर उचलता येणारा, कापडी भिंतींचा कॅम्पर 450 किलोंचा मिळाला, तरी 75 लिटर पाण्याचे 75 किलो आणि दोन माणसांचे 150 धरल्यावर गॅसची टाकी, बॅटरी व शिधा यांसाठी जेमतेम 25 किलो उरतात. कंपनीने छापलेल्या कोरड्या (पाणी, गॅस व सामान न धरता दिलेल्या) वजनावर मुळीच विसंबू नये. भरलेली गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि मागच्या आसावरील भार वेगळा मोजून घ्यावा.