गुडमारच्या गोळ्या: गोडाची तलफ थांबते, मैद्याची नाही

गोडाची तलफ थांबवणाऱ्या चघळायच्या गोळ्या आता सहज मिळतात. दावा असा की एक गोळी चघळली की पुढचा अर्धा-एक तास गोड खावंसंच वाटत नाही. त्यातला कामाचा घटक म्हणजे गुडमार किंवा मधुनाशिनी या वेलीच्या पानांतली जिम्नेमिक आम्लं. दावा बराचसा खरा आहे. घेणाऱ्याची निराशा होते ती दोन कारणांनी: गोळी चुकीच्या पद्धतीने घेतली जाते, किंवा जे काम तिचं नाहीच ते तिच्याकडून अपेक्षिलं जातं.

आधी ती काय करते ते पाहू. गोड चव ओळखणारा जिभेवरचा मुख्य रिसेप्टर दोन प्रथिनांच्या जोडीचा असतो, टी१आर२ आणि टी१आर३. साखर, मध, स्टीव्हिया, अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज या सगळ्यांची गोडी याच रिसेप्टरमार्फत मेंदूला कळते. जिम्नेमिक आम्लं टी१आर३ला चिकटतात आणि तो काही काळ बंद पाडतात. खारट, आंबट, कडू या चवी मात्र जशाच्या तशा राहतात. ही पानं चावल्यावर साखर बेचव लागते याची नोंद युरोपीय शास्त्रज्ञांनी १८४७ सालीच केली होती, त्यामुळे परिणाम खरा आहे का हा प्रश्नच उरत नाही.

तो पाहायचा असेल तर गोळी विरघळल्यावर चिमूटभर साखर जिभेवर ठेवा. साखर बारीक वाळूसारखी लागते: दाणे जाणवतात, विरघळताना जाणवतात, पण चव शून्य. मिल्क चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला तर मेणचट स्निग्धपणा आणि मागे कोकोचा कडवटपणा एवढंच उरतं. कोला म्हणजे आंबट सोडा. दुसरा तुकडा उचलायला हात पुढे जात नाही, आणि गोळीचा खरा फायदा तोच आहे. गोडाच्या बाबतीत पहिला घासच पुढच्या दहा घासांना बोलावतो. तो घास रिकामा गेला की साखळी तुटते. जिम्नेमिक आम्लांची गोळी आणि नुसती दिसायला तशीच गोळी यांची तुलना करणाऱ्या छोट्या चाचण्यांतही खरी गोळी घेतलेल्यांनी त्यानंतर कमी गोड खाल्लं.

आता पद्धत, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

गोळी चावायची नाही आणि गिळायची तर मुळीच नाही. ती जिभेवर ठेवून सावकाश विरघळू द्यायची आणि त्या वेळात जिभेने ती सगळीकडे फिरवायची: टोक, दोन्ही कडा, मागचा भाग. गोडाचे रिसेप्टर जिभेच्या एकाच भागात असतात हा जुना समज चुकीचा आहे. ते जीभभर विखुरलेले असतात, म्हणून गोळी एकाच गालात धरून ठेवली की अर्धी जीभ मोकळी राहते आणि गोड लागतच राहतं. ‘मला काही फरक पडला नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. गोळी विरघळल्यावर लगेच पाण्याचे मोठे घोट घेऊ नका. मिनिटभर थांबा, मग साखरेची चिमूट ठेवून तपासा. कडांना थोडी गोडी जाणवली तर पुढच्या वेळी गोळी तिथे जास्त फिरवा.

परिणाम साधारण अर्धा तास ते तासभर टिकतो आणि हळूहळू ओसरतो. म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं. गोडाची तलफ बहुतेक वेळा लाटेसारखी चढते आणि काही मिनिटांत उतरायला लागते. गोळी ती चढत असतानाच घ्यायची. बिस्किटांचं अर्धं पाकीट संपल्यावर घेतलेली गोळी उरलेलं अर्धं वाचवते, तेवढंच. ज्यांना जेवणानंतर गोड हवंच असतं त्यांनी शेवटचा घास गिळल्यावर लगेच घ्यावी. ज्यांची तलफ दुपारच्या ठरावीक वेळी येते त्यांनी त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी.

फळ खायचं असेल तर ते गोळीच्या आधी खा. नंतर खाल्लं तर केळं पिठूळ लागतं, संत्रं नुसतं आंबट. काही जण त्या अनुभवानंतर फळंच सोडतात आणि हा तोटा विनाकारण होतो. चहा-कॉफीचंही तसंच आहे. साखर घातलेली कॉफी गोळीनंतर फक्त कडू लागते आणि माणूस सवयीने त्यात आणखी साखर घालतो. चव लागत नसली तरी ती साखर शरीरात पूर्णपणे पोहोचते. गोळी जिभेला थांबवते, आतड्याला नाही. गोळी घेऊन वर गोड पेय प्यायलं तर रक्तातली साखर नेहमीसारखीच वाढणार.

खरेदी करताना पाकिटाच्या मागची बाजू वाचा. ‘गुडमार पानांची पूड’ एवढंच लिहिलं असेल तर त्यात किती जिम्नेमिक आम्लं आहेत ते कळायला मार्ग नाही. अर्क किती टक्क्यांचा आहे, म्हणजे त्यात जिम्नेमिक आम्लं किती, हे लिहिलेलं हवं. बाजारात २५ टक्क्यांचा अर्क सर्रास असतो, ७५ टक्क्यांचाही मिळतो. त्यावरून हिशोब सोपा आहे: २५ टक्क्यांचा १६ मिलिग्रॅम अर्क म्हणजे ४ मिलिग्रॅम जिम्नेमिक आम्लं. चघळायच्या गोळीत एवढं प्रमाण असलं तरी परिणाम जाणवतो. मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका, कारण काम जिभेच्या पृष्ठभागावर व्हायचं आहे.

गुडमारच्या कॅप्सूल हे पूर्णपणे वेगळं उत्पादन आहे. त्यांत दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास अर्क असतो आणि दावा रक्तातली साखर कमी करण्याचा असतो. कॅप्सूल जिभेला स्पर्शही न करता पोटात जाते, त्यामुळे गोडाची चव ती रोखूच शकत नाही. तलफेसाठी कॅप्सूल घेतली आणि उपयोग झाला नाही तर दोष वनस्पतीचा नाही.

पानांची पूड हा जुना आणि साधा पर्याय. अर्धा चमचा पूड थोड्या कोमट पाण्यात कालवून तोंडात घ्यायची, मिनिटभर सगळीकडे फिरवायची आणि थुंकून टाकायची. परिणाम गोळीइतकाच स्पष्ट मिळू शकतो. अडचण चवीची आहे: पूड कडवट आणि गवताळ असते, दातांत अडकते, आणि चार लोकांत बसून हे करता येत नाही. घरी असाल तर पूड, बाहेर असाल तर गोळी, अशी सरळ विभागणी करता येते. गोळ्यांमध्ये सॉर्बिटॉल किंवा आयसोमाल्टसारखी शर्करा-अल्कोहोलं, म्हणजे पूर्णपणे न पचणारे गोड पदार्थ, असतात. दिवसाला दोन-तीन गोळ्यांनी काही होत नाही, पण उठसूट चघळत राहिलात तर पोट फुगतं आणि जुलाबही होऊ शकतात.

आता दुसरी बाजू. ही गोळी ब्रेड, पास्ता, खारी बिस्किटं, चिप्स यांची तलफ थांबवत नाही आणि थांबवू शकतही नाही. पिष्टमय पदार्थ या रिसेप्टरला गोड म्हणून जाणवतच नाहीत. खूप वेळ चावल्यावर लाळेतल्या अमायलेज या पाचक द्रव्यामुळे थोडी माल्टोज ही साखर सुटते, तेवढीच काय ती गोडी. चिप्सची ओढ मीठ, तेल आणि कुरकुरीतपणाची असते, आणि गोळीनंतर या तिन्ही गोष्टी शाबूत असतात. गोड बिस्किट या दोहोंच्या मधे येतं: गोडी जाते, लोणी आणि मीठ उरतं, म्हणून तिथे गोळीचा परिणाम निम्माच जाणवतो.

शरीराच्या दृष्टीने मात्र मैदा आणि साखर यांत फारसं अंतर नाही. साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने वाढवतो त्याचा आकडा, ६५च्या आसपास असतो, पांढऱ्या ब्रेडचा ७५च्या आसपास. म्हणजे ब्रेड रक्तातली साखर साखरेपेक्षाही वेगाने वर नेतो. पुढचं महत्त्वाचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, हजाराहून अधिक लोकांच्या रक्तातल्या साखरेवर सतत लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासात असं दिसलं की जेवणानंतर दोन-तीन तासांनी ज्यांची साखर मूळ पातळीच्या खाली घसरते त्यांना लवकर भूक लागते आणि ते पुढे जास्त खातात. सकाळी जॅम-ब्रेड खाऊन अकरा वाजता हात बिस्किटाच्या डब्याकडे जातो त्यामागे ही घसरण असू शकते. ही भूक जिभेची नाही, त्यामुळे ती जिभेवर थांबत नाही.

म्हणून गोळी एकटी विकत घेण्यात अर्थ नाही. तिच्याबरोबर तीन बदल लागतात.

पहिला सकाळच्या खाण्यातला. त्यात २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं बसवा. दोन अंडी म्हणजे १२-१३ ग्रॅम, शिजलेली मसूर वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम, घेतली तर १८ ग्रॅमच्या आसपास. साधं दही फसवतं: २०० ग्रॅम दह्यात जेमतेम ७ ग्रॅम प्रथिनं असतात. पाणी निथळून घट्ट केलेलं दही याच वजनात दुपटीहून जास्त देतं.

दुसरा खाण्याच्या क्रमातला, आणि यासाठी एकही पदार्थ सोडावा लागत नाही. भाज्या आणि प्रथिनं आधी, ब्रेड किंवा भात शेवटी. टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांवरच्या २०१५च्या छोट्या अभ्यासात तेच जेवण या क्रमाने घेतल्यावर तासाभरानंतरची रक्तातली साखर ३७ टक्क्यांनी कमी आली. चाचणी लहान होती, पण करून पाहायला काही खर्च नाही. दोन टप्प्यांमध्ये दहा-पंधरा मिनिटं गेली तर उत्तम.

तिसरा झोपेचा. निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं तेव्हा भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं, भूक शमवणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, आणि गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची इच्छा सगळ्यात जास्त वाढली. हा २००४चा अभ्यास आहे. रात्री दोनपर्यंत जागून दुसऱ्या दिवशी गोळीवर भिस्त ठेवणाऱ्याला गोळी पुरी पडणार नाही.

गुडमारच्या शेजारी ठेवलेले इतर पर्याय थोडक्यात. क्रोमियम पिकोलिनेट या खनिज-पूरकाचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, सरसकट घ्यावं असं नाही. ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची भलामण खूप ऐकू येते, ठोस पुरावा नाही. कृत्रिम गोडव्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरू नयेत. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. गोडवा बदलून गोडाची सवय तशीच राहते, आणि गुडमार इथेच वेगळं पडतं: ते गोडाला पर्याय देत नाही, गोडी काही काळ काढून घेतं.

जीभ बदलते का? बदलते, पण सावकाश. साखरेतून येणाऱ्या कॅलरींपैकी ४० टक्के कमी करून तीन महिने राहिलेल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग आधीपेक्षा जास्त गोड लागू लागलं. गोडाची आवड मात्र त्यांची कमी झाली नव्हती. म्हणून आठवडाभरात ‘आता मला गोड नकोच वाटतं’ असं सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. दोन-तीन महिने गोळी हाताशी ठेवा, चहा-कॉफीतली साखर दर पंधरा दिवसांनी पाव चमच्याने उतरवा, आणि गोळ्यांची गरज आपोआप विरळ होते का ते पाहा. अन्नात वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चमचे, हे लक्ष्य ठीक आहे.

काहींनी ही गोळी घेऊच नये, किंवा डॉक्टरांना विचारून घ्यावी. इन्शुलिन किंवा मधुमेहाची सल्फोनिलयुरिया गटातली औषधं घेणाऱ्यांना गुडमारच्या मोठ्या मात्रेने रक्तातली साखर जास्त खाली जाण्याचा धोका असतो. हा धोका मुख्यतः कॅप्सूलचा, पण गोळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: साखर खाली गेल्याची लक्षणं दिसली, घाम, थरथर, गोंधळ, तर गोळी घेतलेली असली तरी १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचंच आणि १५ मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासायची. तोंडाला ते पाण्यासारखं लागेल, काम मात्र पूर्ण करेल. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, कारण ‘हे गोड लागत नाही, खराब झालंय’ म्हणून ग्लुकोज बाजूला सारलं गेलं तर ते महागात पडतं. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी टाळावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करून डॉक्टरांना सांगावं. यकृताचा आजार असलेल्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये, गुडमारनंतर यकृताला सूज आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आणि ज्यांना एकदा खायला सुरुवात केली की थांबताच येत नाही, नंतर अपराधी वाटतं, लपून खावं लागतं, त्यांनी गोळ्यांवर वेळ घालवू नये. तो खाण्याशी संबंधित मानसिक आजार असू शकतो, त्यावर उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात.

पहिलं पाकीट लहानच घ्या. साखरेच्या चिमटीची परीक्षा दोन-तीन गोळ्यांत कळते, आणि ज्या उत्पादनाच्या गोळीनंतर साखर नीट गोड लागते ते पुन्हा घ्यायचं कारण नाही. गोळ्या स्वतंत्र फॉइलमध्ये असतील तर बऱ्या. डबीतल्या गोळ्या दमट हवेत एकमेकींना चिकटतात, मग त्या तोडून चावल्या जातात आणि जिभेवर पसरायच्या आत पोटात जातात.