ॲनिमे बघून जपानी: कान तयार झाला, तोंड मागेच राहिलं

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सोय होईल. जवळपास वर्षभर ॲनिमे (जपानी ॲनिमेशन), मांगा (जपानी चित्रकथा), जपानी मालिका आणि गेम यांच्या आधाराने जपानी शिकतेय. ऐकून समजणं वाटलं होतं त्यापेक्षा खूपच सुधारलं. वाचन बऱ्यापैकी. बोलणं मात्र वेगळं, जवळजवळ शून्यापासून शिकावं लागलं, आणि त्या कामात ॲनिमेने मदत केली तितकीच अडचणही केली. 'फक्त ॲनिमे बघून जपानी आली' असं सांगणारे व्हिडिओ पाहून कोणी सुरुवात करणार असेल, तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी तासांचा हिशेब, कारण तो कोणी सांगत नाही. टीव्हीवरच्या ॲनिमेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे तीन मिनिटं तिथेच गेली. उरलेल्यात मारामारी असते, कोणीतरी गच्चीवर उभं राहून आभाळाकडे बघत असतं, आधीच्या भागाची उजळणी असते. बारा भागांचा अख्खा सीझन संपवला तरी ऐकण्याचे तास जेमतेम चार. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना कामापुरती जपानी यायला वर्गातले २,२०० तास धरते. मराठी माणसाला हा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही (का, ते पुढे येईलच), पण दोन-तीन सीझन संपवून भाषा येईल ही आशा सोडायला तो पुरेसा आहे.

शिवाय इंग्रजी सबटायटल लावून बघितलेले तास या हिशेबात धरायचेच नाहीत. डोळे इंग्रजी वाचत असतात आणि जपानी पार्श्वसंगीतासारखी मागे वाजत राहते. वर्षानुवर्षं ॲनिमे बघणाऱ्यांना 'नानी', 'बाका', 'सुगोई' यापुढे काही येत नाही, त्याचं कारण हेच. माझ्या बाबतीत जी पद्धत लागू पडली ती कंटाळवाणी आहे. एकच भाग तीनदा बघायचा. पहिल्यांदा इंग्रजी सबटायटलसह, गोष्ट कळावी म्हणून. दुसऱ्यांदा जपानी सबटायटल लावून, थांबत थांबत, अडेल तो शब्द शोधत. तिसऱ्यांदा काहीही न लावता. त्यामुळे निवड करताना 'चांगला ॲनिमे कोणता' हा प्रश्न मागे पडतो आणि 'तीनदा सहन होईल असा कोणता' हा पुढे येतो. जपानी सबटायटल सगळीकडे मिळत नाहीत, ही खरी अडचण. सदस्यत्वाचे पैसे भरण्याआधी ती आहेत का ते पाहून घ्या.

आता मराठीबद्दल, कारण इंग्रजीतले सगळे सल्ले वाचूनही ही गोष्ट मला कुठे सापडली नव्हती. जपानी वाक्याचा साचा आपलाच आहे. क्रियापद शेवटी, आणि 'पासून', 'पर्यंत', 'ला', 'त' जसे नामाच्या मागे लागतात तसेच 'कारा', 'मादे', 'नि', 'दे'. इंग्रजीवाल्यांना हे उलटं वाटतं, त्यावर त्यांचे धडेच्या धडे खर्ची पडतात. आपल्याला तिथे थांबायची गरज नाही. त्याहून गंमत जोडक्रियापदांत आहे. 'ताबेते मिरु', यातलं 'मिरु' म्हणजे बघणे आणि अख्ख्याचा अर्थ 'खाऊन बघणे'. 'शिते ओकु', 'ओकु' म्हणजे ठेवणे, तर हे 'करून ठेवणे'. 'ताबेते शिमात्ता' हे 'खाऊन टाकलं'. 'मोत्ते कुरु' म्हणजे 'घेऊन येणे', 'मोत्ते इकु' म्हणजे 'घेऊन जाणे'. इंग्रजी सबटायटलमध्ये या छटा बहुतेक वेळा गळून पडतात. 'करून टाकलं' मधला पश्चात्ताप किंवा सुटकेचा नि:श्वास तिथे दिसतच नाही. मनातल्या मनात इंग्रजीऐवजी मराठीत अर्थ लावायला लागले, आणि जे वाक्य तीन वेळा ऐकावं लागायचं ते पहिल्या फटक्यात पकडता येऊ लागलं.

अर्थात ही सोबत सगळीकडे पुरत नाही. कर्ता गाळायची सवय दोन्ही भाषांना आहे, पण आपलं क्रियापद 'गेलो', 'गेली', 'गेलास' असं सांगून मोकळं होतं. जपानी क्रियापद पुरुष, लिंग, वचन यातलं काहीच सांगत नाही. मग कोण गेलं? त्याचा एक भाग 'कुरेरु' आणि 'आगेरु' यांतून कळतो. कोणी माझ्यासाठी काही केलं तर पहिलं, मी दुसऱ्यासाठी केलं तर दुसरं. मराठीत दोन्हीकडे 'दिलं'. पुस्तकातून हा फरक मला पाठ होता, पण समजला पडद्यावर, कारण कोण कोणाकडे बघून बोलतंय हे तिथे दिसतं. हे श्रेय ॲनिमेला पूर्ण द्यायला हवं.

दुसरं श्रेय बोलीभाषेचं. पाठ्यपुस्तक 'शिते शिमाउ' शिकवतं, माणसं 'शिचाउ' म्हणतात. 'शिते इरु'चं 'शितेरु' होतं, 'नाकेरेबा'चं 'नाक्या', रांगड्या बोलण्यात 'शिरानाइ'चं 'शिरानेए'. अशी मोडतोड ऐकायची सवय नसेल तर पुस्तक कोळून प्यायलेला माणूससुद्धा पहिल्याच गप्पांत गडबडतो. मला ते अवघड गेलं नाही.

उच्चारांत आपल्याला काही गोष्टी फुकट मिळाल्या आहेत. ज्या 'त्सु'साठी इंग्रजीवाले धडपडतात तो 'चूल' आणि 'चूक' मधला च आहे. 'झु' बराचसा 'जुना' मधला ज. काना लिपीचा क्रमही ओळखीचा: आ-इ-उ-ए-ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून संस्कृत वर्णविचार जपानला नेला, त्याची ही खूण. हिरागाना आणि काताकाना या दोन काना लिपी, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आधी पाठ करा आणि मगच ॲनिमेकडे या. त्यात पळवाट नाही. अडचण येते ती ऱ्हस्व-दीर्घाची. आपण ते लिहिताना सांभाळतो, बोलताना फारसं नाही. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी-आत्या आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी, 'बिरु' म्हणजे इमारत आणि 'बीऽरु' म्हणजे बीअर. ॲनिमेतले आवाज भावनेच्या भरात स्वर इतके ताणतात की ही लांबी कानाला अचूक कळत नाही. चढ-उतार मात्र चांगले मिळतात. 'आमे'चा पहिला स्वर उंच असेल तर पाऊस, दुसरा असेल तर गोळी-चॉकलेटवाली मिठाई. आवाज देणारे कलाकार सहसा टोकियोच्या प्रमाण उच्चारात तयार झालेले असतात, त्यामुळे नक्कल करायला हरकत नाही.

हरकत आहे ती शब्दांची नक्कल करायला. इथे जरा वेळ घेते.

'मी' म्हणायला जपानीत बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाबरोबर एक स्वभाव येतो. डोरेमॉनचीच मंडळी घ्या: नोबिता 'बोकु' म्हणतो, जियान 'ओरे', शिझुका 'वाताशी'. चेहरे न बघताही कोण बोलतंय ते कळेल. तेव्हा ओसाका विद्यापीठात असलेले भाषाशास्त्रज्ञ सातोशी किनसुई यांनी अशा बोलण्याला 'याकुवारिगो' हे नाव दिलं, म्हणजे भूमिकेची भाषा, आणि २००३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हातारा शास्त्रज्ञ 'मी'साठी 'वाशी' आणि 'आहे'साठी 'जा' असं बोलतो, पण खऱ्या आयुष्यात निवृत्त प्राध्यापक असे बोलत नाहीत. किनसुईंच्या मांडणीनुसार एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, वयस्कर विद्वानांच्या तोंडी पश्चिमेकडची जुनी बोली टिकून होती, नाटकांनी आणि गोष्टींनी ती उचलून धरली, आणि विद्वानांच्या तोंडी ती आज फक्त गोष्टींत जिवंत आहे. श्रीमंत घरची मुलगी, सामुराई, विनोदी पात्राच्या तोंडची ओसाकाकडची कान्साई बोली, सगळ्यांचे असे ठरलेले साचे आहेत. बायकांच्या वाक्यांच्या शेवटी येणारे 'वा' आणि 'काशिरा' आजच्या तरुण मुली सहसा वापरत नाहीत, पण ॲनिमेत अजूनही भरपूर ऐकू येतात. खलनायकाचं 'किसामा' (म्हणजे 'तू') तर थेट भांडणाचं आमंत्रण. एके काळी तो आदराचा शब्द होता, हे वाचून मला हसू आवरलं नाही.

म्हणजे ॲनिमेत जे ऐकू येतं ते खोटं नाही, पण ते कोणाच्या तोंडी आहे हे कळल्याशिवाय उचलण्याजोगंही नाही. परदेशी माणसाला पहिल्या भेटीत जे लागतं ते साधं 'देस-मास'चं सभ्य बोलणं, आणि लढाई-जादूच्या ॲनिमेत नेमकं तेच कमी. तिथे सगळे एक तर मित्र, नाही तर शत्रू. ऑनलाइन संवादाचे तास सुरू केले तेव्हा समोरच्या बाई जे बोलायच्या ते मला जवळपास सगळं कळायचं, आणि उत्तर देताना माझ्याकडे वापरण्याजोगी वाक्यंच नसायची.

शब्दसंग्रहाचं तसंच. 'नोरोइ' म्हणजे शाप, 'फूइन' म्हणजे मंत्राने बंदिस्त करणं, 'तेकि' म्हणजे शत्रू हे मला 'कित्ते' म्हणजे टपाल तिकीट येण्याआधी यायला लागलं होतं. परीक्षेत कोणी शाप विचारत नाही. विषय बदलल्यावर फरक पडला. २०१२-१३ मधली 'शिरोकुमा कॅफे' ही ५० भागांची मालिका नवशिक्यांना निःशंक सुचवीन. पांढरं अस्वल कॅफे चालवतं, पांडा प्राणिसंग्रहालयात पांडा म्हणून अर्धवेळ नोकरी करतो. बोलणं रोजचं: काय घेणार, कधी येणार, सुट्टी आहे का. अस्वलाच्या शाब्दिक कोट्या सुरुवातीला डोक्यावरून जातात, त्या सोडून द्या. मांगात 'योत्सुबा तो!' अशीच. पाच वर्षांची मुलगी दिसेल त्या गोष्टीबद्दल विचारत सुटते, आणि कांजींवर (चिनीतून आलेली अक्षरचिन्हं) बारीक अक्षरात उच्चार छापलेले असतात. मुलांसाठीच्या मांगात ही सोय बहुधा असते, मोठ्यांच्या मांगात बहुधा नसते. विकत घेण्याआधी एक पान उघडून बघा.

कांजी ॲनिमेने येत नाहीत. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेली यादी २,१३६ कांजींची आहे आणि ती ऐकून कशी येणार? त्यासाठी अँकी, पाठांतराच्या पत्त्यांचं ॲप. फुकट आहे (आयफोन सोडून), दिसायला रुक्ष आहे, आणि चार दिवस सोडलं की पत्त्यांचा डोंगर साचतो. मी दुसऱ्यांचे तयार गठ्ठे टाकून दिले आणि बघितलेल्या भागांतली वाक्यं स्वतः भरली. नवी पत्ती रोज थोडीच. ब्राउझरमध्ये योमितान हे एक्स्टेन्शन टाकलं की शब्दावर माउस नेला तरी अर्थ दिसतो. त्याशिवाय दुसरी फेरी अशक्य. खेळातून, रोज घंटी वाजवून शिकवणारं एक ॲपही वापरलं. महिन्याभरात काढून टाकलं, त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

गाणी मजेपुरती ठेवा, चालीत शब्दांचे चढ-उतार बदलतात. गेम मात्र कामाचे, कारण बटण दाबेपर्यंत वाक्य पडद्यावरून हलत नाही. पोकेमॉनच्या जपानी आवृत्तीत २०१० च्या खेळांपासून कांजीसह वाचायचं की फक्त काना लिपीत, हे निवडता येतं. जपानी व्हरायटी शोमध्ये तर पाहुण्यांची वाक्यं मोठ्या रंगीत अक्षरांत पडद्यावर उमटतात. वाचायलाही मिळतं, आणि खरी माणसं कशी अडखळतात, एकमेकांचं वाक्य मध्येच कसं उचलतात हेही कळतं. ॲनिमेत कोणी अडखळत नाही, लिहिलेलंच असतं सगळं.

बोलण्याची भरपाई जपान फाउंडेशनच्या 'इरोदोरी' या पुस्तकांनी केली. पीडीएफ आणि ऑडिओ दोन्ही मोफत. डॉक्टरकडे, दुकानात, कामावर काय बोलायचं, असे साधे प्रसंग. नाट्य काहीच नाही. पण त्यातलं संभाषण मोठ्याने म्हणायला लागले तेव्हा ॲनिमेतून कानात साठलेलं हळूहळू तोंडातून यायला लागलं. उलट क्रमाने, म्हणजे आधी इरोदोरीचा पहिला भाग आणि मग ॲनिमे, असं केलं तर कोणाचाही वेळ वाचेल. ज्यांना ॲनिमे मुळातच आवडत नाही त्यांनी 'सोपा मार्ग' म्हणून इकडे फिरकू नये, तिसऱ्या फेरीला आवडच लागते.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ या सर्वांत सोप्या पातळीचे अधिकृत नमुना प्रश्न सोडवून पाहिले. ऐकण्याचा भाग इतका संथ वाटला की दोन प्रश्नांच्या मध्ये कंटाळा आला. व्याकरणात नामामागे लागणाऱ्या 'वा' आणि 'गा' यांनी नेहमीप्रमाणे अडवलं. आता डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या परीक्षेला एन-४, म्हणजे पुढची पातळी, द्यायचा विचार आहे. त्या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत, म्हणजे माझ्यासारख्यांना ती सोयीची. म्हणून तयारीच्या नावाखाली संवादाचे तास बंद करणार नाही, त्याऐवजी दोनपैकी एका स्ट्रीमिंगचं सदस्यत्व बंद केलं आहे, ज्यावर जपानी सबटायटल नव्हती ते.