सिरिंज, डायल गेज आणि जिओजेब्रा: वर्षभर वापरल्यावर

बॉइलच्या नियमाचा (तापमान तेच असेल तर हवेचं आकारमान निम्मं केल्यावर दाब दुप्पट) हा संच आमच्या धुळ्याच्या प्रयोगशाळेत गेल्या पावसाळ्यापासून आहे. ६० मिलीची जाड सिरिंज, आखूड नळी आणि किलोपास्कल दाखवणारा डायल गेज. आलेख मुलं मोबाइलवर जिओजेब्रा या गणिताच्या अ‍ॅपमध्ये काढतात. अकरावीला शिकवणाऱ्यांनी दाब-आकारमानासाठी तो जरूर घ्यावा, तापमानासाठी मात्र नको.

दट्ट्या ६० वर ठेवून नळी जोडली की गेज शून्य दाखवतो. बाहेरच्या हवेपेक्षा दाब किती जास्त, तेवढंच तो सांगतो. धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथल्या हवेचा दाब साधारण ९८ किलोपास्कल. दट्ट्या ३० वर नेला की दाब दुप्पट, म्हणजे गेजवर ९८ दिसायला हवेत. दिसतात ९२ च्या आसपास. नळीतली हवा हिशेबात धरलेली नसते ना! नळीत पाणी भरून ते सिरिंजने मोजलं, २ मिली भरलं. म्हणजे ६० चे ३० नव्हे, ६२ चे ३२ झाले.

मग आडव्या अक्षावर १/(आकारमान + २) आणि उभ्या अक्षावर गेजचा आकडा घ्यायचा. ठिपके सरळ रेषेत बसतात. "सर, रेघ सरळ उनी!" असं ओरडणारा मुलगाच लगेच विचारतो, मग ती शून्यातून का गेली नाही? रेषा मागे वाढवली की उभ्या अक्षाला उणे ९८ च्या जवळ छेदते. हाच धुळ्याच्या हवेचा दाब, वायुदाबमापक न वापरता मिळालेला. पुस्तकातल्या आलेखात निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून होणारा एकूण दाब, आधीच घेतलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. केवळ या एका प्रश्नासाठी मला हा संच मोलाचा वाटतो.

दट्ट्या झटक्यात दाबू देऊ नका. हवा तापते, काटा वर जाऊन हळूहळू उतरतो. अर्धा मिनिट थांबून वाचा. काटा उतरतच राहिला तर गळती समजा. आमची जोडणी उन्हाळ्यात सैल झाली होती, टेफ्लॉन टेप गुंडाळल्यावर थांबली.

तापमानाचं म्हणाल तर गेज जोडलेला बंद चंबू ३० वरून ८० अंशांवर नेला तरी दाब जेमतेम १६ किलोपास्कल वाढतो, आणि गेजवरचा लहानात लहान भाग ५ चा. अशा तीन-चार रेघांवरून रेषा उणे २७३ अंशांपर्यंत, म्हणजे दाब शून्य यायला हवा तिथवर, ताणणं मला पटत नाही. त्यासाठी निरपेक्ष दाबाचा डिजिटल सेन्सरच हवा.

तोवर जिओजेब्रातला स्लायडर कामी येतो. जानेवारीची पहाट १२ अंश, मेची दुपार ४२ अंश, असे दोन समतापी वक्र (एकाच तापमानाचे दाब-आकारमान आलेख) काढायला सांगा. सेल्सिअस बघून मुलांना साडेतीन पट फरक वाटतो. केल्व्हिनमध्ये २८५ आणि ३१५ घातले की वरचा वक्र फक्त साडेदहा टक्के वर दिसतो.

घेताना गेज २०० किलोपास्कलचाच मागा. दट्ट्या २० मिलीपर्यंत दाबला तरी काटा १८० च्या आत राहतो. ४०० चा घेतलात तर भाग आणखी मोठे येतील.