चार महिन्यांत पुन्हा एकदा ‘थ्री मस्केटिअर्स’

शाळेच्या सुट्टीत अलेक्झांडर द्युमाच्या या कादंबरीचा मी चार दिवसांत फडशा पाडला होता. या वेळी एका बैठकीला एकच प्रकरण, असं ठरवलं. सदुसष्ट प्रकरणांना चार महिने लागले. १८४४ साली पॅरिसच्या ‘ल सिएक्ल’ दैनिकात ती मार्च ते जुलै अशी क्रमशः आली होती, म्हणजे तेव्हाच्या वाचकांनाही साधारण एवढाच वेळ लागला असणार. हा वेग तिला फार मानवतो. सलग वाचताना लांबलेले वाटणारे संवाद आता हवेहवेसे वाटले, कारण उद्यापर्यंत या माणसांची सोबत तेवढीच असते.

पहिला अर्धा भाग आजही तसाच ताजा आहे. पिवळ्या तट्टावरून आलेला गॅस्कनीचा पोरगा दार्तान्यान, आथोस, पोर्थोस आणि अरामिस या राजाच्या तीन मस्केटिअर शिपायांशी एकाच दिवशी ओढवून घेतलेली तीन द्वंद्वं, राणीच्या हिऱ्यांसाठी लंडनपर्यंतची दौड. ला रोशेलच्या वेढ्यात शत्रूच्या माऱ्याखाली बुरुजावर बसून न्याहारी करणारे चौघे तर मी लागोपाठ दोनदा वाचले.

लहानपणी मिलेडीच्या, म्हणजे कार्डिनल रिशल्यूच्या हेर बाईच्या, कैदेची प्रकरणं मी भराभर उलटली होती, कारण त्यांत चौघांपैकी कोणीच नाही. आता तीच सर्वांत दमदार वाटली. एक कैदी बाई, एक कर्मठ प्युरिटन पहारेकरी आणि हातात फक्त पाच दिवस. ती आधी त्याचं निरीक्षण करते, मग त्याच्याच श्रद्धेच्या भाषेत बोलू लागते. हा फेल्टन इतिहासातला खरा माणूस; त्याने २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्ट्‌समथला इंग्लंडचा मंत्री ड्यूक ऑफ बकिंगहॅम याचा खून केला. त्या सुऱ्यामागे द्युमाने मिलेडीला उभं केलं, आणि वाचताना ते पूर्ण पटतं.

शेवट माहीत नसेल तर इथे थांबा.

मिलेडी ही एकेकाळी आथोसची बायको. तिच्या खांद्यावरचा गुन्हेगाराचा डाग पाहून त्याने तिला झाडाला टांगलं, ही हकीकत पूर्वी मला करुण वाटायची, त्याच्यासाठी. या वेळी तिच्यावर भरवलेल्या शेवटच्या खटल्यापाशी अडखळले. मिलेडी विचारते, मला ही शिक्षा देणारं न्यायालय दाखवा. तेव्हा लीलचा जल्लाद पुढे येतो आणि सांगतो की तो डाग त्याने स्वतःच, भावाच्या सूडापोटी दिला होता. म्हणजे निकाल कुठल्या न्यायालयाने दिलाच नव्हता! आथोसने जो डाग पुरावा मानला, तो एका माणसाचा राग होता. मिलेडीचे गुन्हे खरे आहेत, विषप्रयोगही खरा. तरी एका बाईभोवती जमलेले ते हत्यारबंद पुरुष पाहून माझी मान खाली गेली. दार्तान्यान अंधारात दुसऱ्याचं नाव घेऊन तिच्या खोलीत शिरला होता, हेही या वेळी सोडून देता आलं नाही. जुन्या इंग्रजी भाषांतरांत हा भाग बराच सौम्य केलेला आहे, त्यामुळे नवं, पूर्ण भाषांतर घ्या.

द्युमासोबत ऑग्युस्त माके यानेही ही कादंबरी घडवली. मुखपृष्ठावर त्याचं नाव असायला हवं होतं.

एवढं होऊनही आथोस मला आवडतो, पूर्वीपेक्षा जास्तच. अखेरीस बढतीचा कागद तिघेही नाकारतात, आणि आथोस त्यावर दार्तान्यानचं नाव लिहितो. तेव्हा दार्तान्यान रडतो. लहानपणी ते रडणं मला कळलंच नव्हतं.